टेकडीवरच्या पायवाटांचं श्रमदान आणि १८ वर्षांखालची मुलं : नियम कसे ठेवावेत?

पळसपान

दिवाळीनंतर दर रविवारी नागपूरच्या सेमिनरी हिल्स आणि अंबाझरीच्या बाजूच्या पायवाटा साफ करायचं ठरतंय. घाणेरी (लँटाना) काढणं, पावसाने खाल्लेली वाट सावरणं, पाणी वळवायचे चर मोकळे करणं, कचरा उचलणं अशी कामं आहेत. आठवी ते बारावीची मुलं येतील, म्हणजे साधारण १३ ते १७ वयाची. नियमांचा कच्चा मसुदा असा केलाय : वय १४ पूर्ण, पालकांची सही, पायात बूट, सोबत पाणी, दहा मुलांमागे एक मोठा माणूस.

जाणकारांनी यातल्या चुका काढाव्यात. विशेषतः कोणतं अवजार कोणाच्या हातात द्यायचं आणि परवानगी नेमकी कोणाची घ्यायची, हे सांगा.

मुरूमवाट

सगळ्यात आधी "दहा मुलांमागे एक" हे बदला. मोजणी बरोबर करायची तर फक्त रिकाम्या हाताचे मोठे मोजायचे. ज्याच्या हातात टिकास (टिकाव) आहे तो मजूर झाला, त्याचं लक्ष दगडावर असतं. तीस मुलं आणि सहा मोठे, पण सहाही जण खणतायत, तर देखरेख शून्य. १५ वर्षांखालच्या पाच मुलांमागे एक आणि १५ ते १७ च्या आठ मुलांमागे एक, हाताला काम नसलेला माणूस हवा. गट कितीही लहान असला तरी दोन मोठे हवेतच, कारण एखाद्या मुलाला दवाखान्यात न्यावं लागलं तर उरलेल्यांजवळ कोणीतरी लागतं.

दुसरं म्हणजे १४ ची एकच रेघ चालणार नाही. वय कामाला आणि अवजाराला जोडा. आम्ही वापरतो ती वाटणी देतो.

१३-१४ : खुरपं, दंताळं, घमेलं, गोणी. चरातला गाळ काढणं, पालापाचोळा ओढणं, आधी कापलेल्या फांद्या ओढून नेणं, कचरा. घमेलं अर्धंच भरायचं. भरलेलं घमेलं डोक्यावर घेऊन उतारावरून चालणं या वयात बंद.

१५-१६ : वरच्या कामांसोबत फावडं, कुदळ, दोन्ही हातांनी धरायची लांब दांड्याची छाटणी कात्री, घडीची करवत. करवत फक्त मनगटाएवढ्या जाडीपर्यंत आणि खांद्याच्या खालच्या फांदीसाठीच. डोक्यावरची फांदी कापायची नाही.

१७ : टिकास आणि सब्बल (पहार), पण शेजारी मोठा माणूस हवा.

कोयता, कुऱ्हाड, गवत कापायचं यंत्र, यांत्रिक करवत : १८ पूर्ण झाल्याशिवाय नाही, पालकांनी लेखी दिलं तरी नाही. कोयत्याचं पातं बांबूवर किंवा वाळक्या घाणेरीवर घसरतं आणि थेट नडगीवर येतं. यंत्राची दोरी किंवा पातं खडे उडवतं, म्हणून बनवणारेच १५ मीटरचं अंतर सांगतात. ते अंतर नुसत्या बघणाऱ्या मुलालाही लागू. अमेरिकेतही कामगार कायद्याखाली १८ खालच्यांना यांत्रिक करवत आणि फांद्या चिरडायचं यंत्र चालवायला मनाई आहे, तसंच लाकूडतोडीची आणि वणवा विझवायची कामंही.

कवठ

परवानगी आणि कायद्याचं सांगतो.

जमीन ज्याची, परवानगी त्याची, आणि नागपुरात चार पावलांवर मालक बदलतो. अंबाझरी जैवविविधता उद्यान वन विभागाकडे आहे, गोरेवाडा प्रकल्प वनविकास महामंडळाकडे, आणि शहरातल्या बागा व रस्त्याकडेची झाडं महापालिकेकडे. वन विभागाच्या जागेसाठी अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांमार्फत उपवनसंरक्षकांच्या नावाने करा. अर्जात तारीख, वेळ, वाटेचा नकाशा, कोणती झुडपं काढणार, कोणती अवजारं नेणार आणि १८ खालची मुलं किती, हे स्पष्ट लिहा. मुलांचा आकडा झाकून ठेवलात तर पुढे काही झाल्यावर परवानगीच हातातून जाते.

"आम्ही तर साफसफाई करतोय" हा बचाव होत नाही. राखीव जंगलात विनापरवानगी झाड-झुडूप तोडणं भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. उमरेड-कऱ्हांडल्यासारख्या अभयारण्यात वन्यजीव कायदा १९७२ लागतो. तिथे प्रवेशालाही कलम २७ ची अट आहे आणि अधिवासाला हात लावायला कलम २९ ची. अशा ठिकाणी अल्पवयीनांचं श्रमदान ठेवूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. शहरातलं झाड असेल तर १९७५ चा महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन कायदा बघावा लागतो. मुलांच्या हातून झाड तोडायचंच नाही, फक्त वाटेवर आलेली झुडपं काढायची, असं अर्जातच लिहिलं की बराच घोळ टळतो.

आता बालकामगार कायदा. १९८६ चा कायदा २०१६ मध्ये बदलला. १४ खालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही, १४ ते १८ च्या किशोरांना धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा २० ते ५० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. श्रमदान म्हणजे नोकरी नव्हे, पण ती रेघ तुम्ही स्वतःच पुसू शकता. रोजी दिली, "मानधन" नावाचं पाकीट दिलं किंवा कंत्राटदाराला मिळालेलं काम मुलांकडून उरकून घेतलं, तर ते श्रमदान राहत नाही. नाश्ता, पाणी आणि प्रमाणपत्र यापलीकडे काही देऊ नका. खरे झालेले तासच प्रमाणपत्रावर लिहा. तीन तासांचे सहा करून मागणारे पालक भेटतात, त्यांना नाही म्हणा.

पळसपान

धन्यवाद कवठदादा. पालकांची सही घेतली की आपली जबाबदारी संपते, असं काही जणांचं म्हणणं आहे. ते कितपत खरं?

कवठ

अजिबात नाही. करार कायदा १८७२ च्या कलम ११ प्रमाणे अल्पवयीन व्यक्ती करारच करू शकत नाही, त्यामुळे मुलाची सही शून्य किमतीची. पालकाची सही म्हणजे "मला धोका समजला आणि मी पाठवतोय" एवढ्याचा पुरावा. आयोजकाच्या निष्काळजीपणाला ती माफी देत नाही. म्हणून "काहीही झाल्यास आयोजक जबाबदार नाहीत" ही ओळ काढून टाका. ती पालकांना भीती घालते आणि आयोजकांना खोटा धीर देते.

त्याऐवजी मजकूर असा हवा : मूल कोणत्या वाटेवर, किती ते किती वाजेपर्यंत, कोणतं काम कोणत्या अवजाराने करणार. दमा, फिट, मधमाशीची किंवा औषधाची ॲलर्जी, चालू औषधं. धनुर्वाताची शेवटची लस कधी घेतली. दोन फोन नंबर, त्यातला एक पालकांव्यतिरिक्त दुसऱ्याचा. मुलाला न्यायला कोण येणार. तातडीच्या उपचारांना संमती. फोटोची संमती वेगळ्या चौकटीत, तिची वेगळी सही, कारण फोटोला नकार दिला म्हणून मूल श्रमदानातून बाद होता कामा नये. अर्ज मराठी आणि हिंदी दोन्हीत छापा. आपल्या शहरात बऱ्याच घरांत हिंदीच जास्त वाचली जाते, आणि न वाचता केलेली सही काय कामाची? ही आजारांची माहिती व्हॉट्सॲप ग्रुपवर मागवू नका. कागद प्रमुखाच्या पिशवीत राहील, दुसऱ्या कुणाला दिसणार नाही, मोसम संपला की फाडायचा. विदा (डेटा) संरक्षणाचा २०२३ चा कायदा १८ खालच्यांची माहिती वापरण्याआधी पालकांची संमती मागतो.

आणखी एक, येण्याजाण्याचं. अकरावीतली पोरं स्कूटीवर येतील. १६ व्या वर्षी मिळतो तो परवाना ५० सीसीपर्यंतच्या बिनागिअर गाडीचा. बाजारातल्या १००-१२५ सीसीच्या स्कूटी त्यात बसत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ खाली पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. "१८ खालच्यांनी गाडी चालवत आल्यास कामात घेतलं जाणार नाही" हे पत्रकावरच टाका.

मोहफूल

मुरूमवाट भाऊ, सगळं पटलं, पण एक नाही. रामटेक, पारशिवनीकडची पोट्टे दहाव्या वर्षीच विळा-कोयता चालवतात, वावरात जन्म गेला त्यायचा. त्यायले १७ व्या वर्षी कोयता नाही म्हणायचं आणि शहरातल्या १८ च्या पोराला, ज्याने कधी कोयता धरला नाही, त्याला द्यायचा, हे उलटं नाही का?

मुरूमवाट

अर्धं खरं आहे. १८ झाले म्हणजे कोयता आला असं नाही. आधी बाजूला उभं करून वाळक्या फांदीवर हात बघायचा, मगच द्यायचा.

पण गावातलं ते पोरगं आपल्या वावरात, सपाट जमिनीवर, ओळखीच्या विळ्याने, आजूबाजूला मोकळी जागा ठेवून काम करतं. इथे उतारावर, दाट झुडपात, वीस जण एका ओळीत, हातात कुणाच्या तरी घरून आलेला सैल दांड्याचा कोयता. कसब असलं तरी शेजारच्याचा पाय कुठे आहे हे दिसत नाही. धोका गर्दीचा आणि उताराचा आहे, म्हणून नियम सरसकट ठेवला. त्या मुलांचं कसब वाया घालवू नका. घाणेरीचं खोड कुठे आहे, मुळी कशी सुटते, कोणत्या दगडाखाली हात घालू नये, हे त्यांनी शहरातल्यांना दाखवावं.

दोघांमधलं अंतर किमान ३ मीटर. सरळ हात आणि त्यात अवजाराची लांबी, तेवढा घेर करून दाखवा, दोन घेर एकमेकांना लागता कामा नयेत. उतारावर एकाच्या बरोबर खाली दुसरा कधीच उभा करायचा नाही. सेमिनरी हिल्सवर काळा दगड सुटा झालेला असतो, वरच्याचा पाय लागला की तो थेट खाली जातो. दगड सुटला तर "दगड!" एवढाच शब्द ओरडायचा आणि सगळ्यांनी तो आधी म्हणून बघायचा. लाजून गप्प राहणारी मुलं असतात.

अवजार नेताना पातं पुढे आणि खाली, उताराकडच्या हातात, खांद्यावर नाही. पडलो तर ते खालच्या बाजूला फेकता आलं पाहिजे. ठेवताना दात किंवा पातं जमिनीकडे, वाटेच्या वरच्या अंगाला.

घाणेरीचं काम मुलांकडून करवताना दोन गोष्टी हमखास चुकतात. एक, गुडघ्याएवढ्या उंचीवर कापतात. तिथून पुढच्या पावसात चारपट फांद्या फुटतात. खोड जमिनीखाली ३ ते ५ सेंमीवर, मुळी सुरू होते त्या गाठीच्या खाली तोडायचं आणि झुडूप मुळं वर करून वाळत टाकायचं. पिकलेली काळी फळं असलेल्या फांद्या वाटेवरून फरफटत न्यायच्या नाहीत, बी पसरतं. दोन, तिरका काप देतात. तो तिरका बुडखा भाल्यासारखा उभा राहतो आणि कॅनव्हासच्या बुटातून आरपार जातो. काप आडवाच हवा.

चरांचं काम मुलांसाठी सर्वात चांगलं, आणि वाट टिकते तीही त्यानेच. वाटेला उताराकडे मीटरला ५ सेंमी कल ठेवायचा आणि आडवा चर वाटेला साधारण ४५ अंशात. काटकोनात केला तर गाळ तिथेच बसतो. चराचं बाहेरचं तोंड आतल्यापेक्षा रुंद हवं. मुलं गाळ काढून नेमका त्या तोंडाशीच ढीग करतात आणि पाणी पुन्हा वाटेवर येतं. गाळ घमेल्यात भरून खालच्या अंगाला दूर टाकायला सांगा. काळ्या मातीवर पाऊस पडून गेल्यावर दोन-तीन दिवस कामच नको. बुटाला माती चिकटून पाय घसरतो आणि तुम्हीच वाटेत खड्डे पाडून येता.

रानहळद

तब्येतीच्या बाजूचं माझ्याकडून.

पोरांना धनुर्वात-घटसर्पाची लस सरकारी वेळापत्रकाप्रमाणे १० व्या आणि १६ व्या वर्षी मिळते. १६ वाली बऱ्याच जणांची राहून जाते. श्रमदानाच्या आधी घ्यायला लावा.

पावसाळ्यानंतर झुडपात काम म्हणजे स्क्रब टायफस लक्षात ठेवा. २०१८ मध्ये नागपूर आणि आजूबाजूला याची मोठी साथ येऊन गेली. झुडपातल्या बारीक किड्याच्या चाव्याने होतो. दाट गवतात बसायचं नाही, कपडे झुडपावर टाकायचे नाहीत, पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली. घरी गेल्यावर लगेच अंघोळ आणि कपडे गरम पाण्यात. पालकांना कागदावर लिहून द्या : पुढच्या तीन आठवड्यांत ताप आला किंवा काखेत, जांघेत, कमरेजवळ काळी खपली दिसली तर डॉक्टरांना "झुडपात काम केलं होतं" हे आधी सांगायचं. वेळेत ओळखलं तर साध्या गोळ्यांनी बरा होतो, उशीर झाला की फुप्फुसं आणि किडन्यांवर जातो.

गाजरगवत उपटायला दमा किंवा त्वचेची ॲलर्जी असलेल्या मुलाला अजिबात नको. बाकीच्यांनीही फुलं यायच्या आधी, हातमोजे घालून. बिब्ब्याचं झाड ओळखता आलं पाहिजे, त्याच्या रसाने कातडीवर फोड येतात. खाजकुहिलीच्या शेंगा थंडीत वाळतात आणि त्यांचे केस वाऱ्याने उडतात. दिसल्या की तो तुकडा सोडून पुढे जा, मुलांना काढायला लावू नका.

दगड उचलताना सब्बलीने आपल्याकडे उलटवायचा, म्हणजे दगड मध्ये राहतो आणि खालची फट पलीकडे उघडते. साप किंवा विंचू निघाला तर तिकडे जातो. साप चावलाच तर चावलेला अवयव हलू द्यायचा नाही, अंगठी-घड्याळ-कडं काढायचं, चावल्याची वेळ कागदावर लिहायची, मुलाला चालवायचं नाही, उचलून न्यायचं. दोरी आवळणं, कापणं, चोखणं सगळं बंद. १०८ ला फोन, नाहीतर स्वतःची गाडी, थेट मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत. म्हणूनच एक चारचाकी वाटेच्या तोंडाशी, बाहेरच्या दिशेला तोंड करून, चालकासह उभी हवी.

आग्या मोहोळ आदल्या दिवशी बघून या. झाडावर दिसलं तर त्या टप्प्यावर जायचंच नाही. अत्तर, डिओ, धूर, दगड मारणं यांवर बंदी. मधमाश्या उठल्या तर सगळं टाकून पळायचं, खाली झोपायचं नाही, झाडायचं नाही. डंख नखाने खरवडून काढायचा. ओठ सुजले, श्वास लागला, चक्कर आली तर एक मिनिटही थांबायचं नाही.

पळसपान

रानहळदताई, उन्हाचं काय? डिसेंबरात चालेल, पण पालक म्हणतात परीक्षा संपल्यावर एप्रिलमध्येही ठेवा.

रानहळद

एप्रिल-मे नाही. इथे पारा ४५ च्या वर जातो आणि सकाळी नऊलाच दगड तापलेला असतो. लहान मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापतं, आणि खेळाच्या भरात ती पाणी मागत नाहीत. शिवाय १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा मोसम, वन विभागाची माणसं जाळरेषांवर (वणवा अडवायला गवत जाळून केलेले मोकळे पट्टे) गुंतलेली असतात. जाळरेषेच्या कामाला १८ खालच्यांनी जायचं नाही, बघायलाही नाही.

नोव्हेंबर ते जानेवारीअखेर ठेवा, सकाळी सात ते दहा. प्रत्येकाने दोन लिटर पाणी आणायचं, तुम्ही वर वीस लिटरचा कॅन आणि ओआरएसची पाकिटं ठेवायची. एक पाकीट एका लिटरलाच, अर्ध्या लिटरमध्ये घट्ट करून देऊ नका. दर अर्ध्या तासाला शिट्टी, सगळ्यांनी थांबून पाणी प्यायचं, तहान लागो न लागो.

बोरबाभूळ

एक बाजू अजून कोणी काढली नाही. मुलांची सुरक्षितता म्हणजे फक्त साप आणि कोयता नव्हे.

कोणत्याही मोठ्या माणसाने एका मुलासोबत एकटं राहायचं नाही, वाटेवर नाही, गाडीत नाही. लघवीला मुलं तिघांच्या गटाने, हाकेच्या अंतरावर. मुली असतील तर गटात किमान एक महिला प्रमुख हवीच, आणि शौचालय कुठे आहे हे आदल्या दिवशी बघून ठेवायचं. उद्यानाच्या दारातलं शौचालय रविवारी सकाळी उघडतं का, विचारा. पाळीमुळे एखादीला हलकं काम हवं असेल तर कारण न विचारता द्यायचं. नव्या स्वयंसेवकाला पहिल्याच दिवशी मुलांचा गट द्यायचा नाही. मोठ्यांनी मुलांना खासगी मेसेज करायचे नाहीत, जे सांगायचं ते पालक असलेल्या ग्रुपवर.

पॉक्सो (मुलांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण) कायदा २०१२ च्या कलम १९ प्रमाणे अशा अत्याचाराचा संशय आला तरी पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. "आधी आपापसांत बघू" म्हणून दाबलं तर कलम २१ खाली शिक्षा आहे, संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत. चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर मुलांना पाठ असू द्या, फक्त पत्रकावर नको.

मोहफूल

विमा कोणता घ्यावा? आणि हातमोजे मोठ्यांचेच मिळतात, पोरांच्या हातात सैल होतात.

कवठ

गट वैयक्तिक अपघात विमा घ्या. तीन गोष्टी लेखी विचारा : किमान वय किती, "साहसी उपक्रम" वगळले असतील तर टेकडीवरचं श्रमदान त्यात धरतात का, आणि दवाखान्याचा खर्च मिळतो की फक्त मृत्यू-अपंगत्वाची रक्कम. तिसऱ्यावर बहुतेकांची फसगत होते. बोटाला सहा टाके पडले तर अपंगत्वाच्या पॉलिसीतून एक रुपया येत नाही.

मुरूमवाट

सैल हातमोजा नसलेल्यापेक्षा वाईट, फावड्याचा दांडा आतल्या आत फिरतो. इतवारीच्या हार्डवेअरच्या दुकानांत तळव्याला रबर लावलेले विणलेले हातमोजे ७ आणि ८ नंबरात मागा, बहुतेक मुलांना बसतात. काट्यांच्या कामाला मात्र ते पुरत नाहीत, बाभळीचा काटा आरपार येतो. काटेरी फांद्या हाताने नाही, दंताळ्याने ओढायच्या.

गमबूट नको, घोट्याशी सैल असतो आणि उतारावर पाय मुरगळतो. जाड तळव्याचा बंद, नाडीचा बूट. चपलेवर आलेल्या मुलाला परत पाठवू नका, खाली दारापाशी नोंदवही आणि पाण्याचं काम द्या.

पळसपान

मसुदा बदलतोय : वयाप्रमाणे अवजारांचा तक्ता, रिकाम्या हाताचे मोठे, वेळ सात ते दहा, जानेवारीअखेर बंद, गाडी दारात, दोन भाषांत अर्ज. सही करून घेतानाच हा तक्ता पालकांना दाखवणार. एक शंका राहिली. १४ ला दोन महिने कमी असलेला आठवीतला मुलगा, आई सोबत येणार असेल तर?

मुरूमवाट

येऊ द्या, १३-१४ च्याच कामांवर. फक्त आई त्याच्याजवळ रिकाम्या हाताने हवी, आणि तिला तुमच्या देखरेखीच्या माणसांत मोजू नका. तिचं लक्ष एकाच मुलावर असणार, आणि ते बरोबरच आहे.